पाहुणे गेले की मी कोण उरते?

तारकर्लीच्या बाजूच्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, पत्र लांब आहे म्हणून आधी थोडक्यात सांगते. वय 41, चार खोल्यांचा होमस्टे, नवरा पूर्वी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या मासेमारीला, जायचा आता टुरिस्ट लोकांची बोट चालवतो, सासूबाई घरात, मुलगी बारावी झाली आणि तिला पुण्याला जायचंय. मे महिन्यात एका पाहुण्याने तीन स्टार दिले आणि लिहिलं, "जेवण उत्तम, पण मालकीणबाई जरा गप्प होत्या." त्या रात्री ताईंनी सोलकढीचा भरलेला टोप उचलून अंगणात ओतून दिला आणि मग स्वतःलाच घाबरल्या. दुसरी गोष्ट, सासूबाईंना चहा देताना त्या पाहुण्यांशी बोलायच्या सुरात म्हणाल्या, "आवडला ना चहा?" तर सासूबाई म्हणाल्या, "गो, मी काय पावणी आसंय?" जून लागला, बोटी वर ओढल्या, बुकिंग बंद झालं आणि ताईंना आतून एकदम रिकामं वाटायला लागलं. नवरा म्हणतो, "तुका काय कमी आसा?" मुंबईत सायकॉलॉजी शिकणाऱ्या भाच्याने व्हॉट्सॲपवर एरिक फ्रॉम नावाच्या मानसशास्त्रज्ञाची माणसाच्या पाच मूलभूत गरजांची यादी पाठवली, ताईंनी एकेका गरजेपुढे बरोबरची खूण केली, पाचही भरल्या. आणि मग विचारलंय, "सगळं आहे तरी असं वाटतं, म्हणजे मी नाटकी आहे का? का माझ्यातच काहीतरी फॉल्ट आहे?"

ताई, नाटकी नाही आहात तुम्ही. हे आधी सांगते कारण तुम्ही ते पत्रात तीनदा लिहिलंय आणि मला वाटतं ते तुम्हाला रात्री झोपू देत नाहीये.

आता त्या यादीबद्दल. भाचा हुशार आहे, त्याने माणूस बरोबर निवडलाय, पण यादी नुसती पाठवली आणि ती कशी वाचायची ते सांगायचं राहिलं. म्हणून तुम्ही ती वाणसामानाच्या यादीसारखी वाचली, मीठ आहे, तेल आहे, झालं. फ्रॉमचं म्हणणं तसं नाहीच आहे. त्याचं म्हणणं असं की या गरजा प्रत्येक माणूस भागवतोच, कशा ना कशा भागवतोच, त्याशिवाय माणूस धडपणे जगू शकत नाही. त्यामुळे गरज भागली का हा प्रश्नच नाही, कशाने भागली हा प्रश्न आहे. एकच गरज माणसाला फुलवणाऱ्या वाटेने पण भागते आणि आतून पोखरणाऱ्या वाटेने पण भागते, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे बरोबरचीच खूण दिसते. तुमच्या नवऱ्याला दिसते तशी.

हा फ्रॉम कोण ते दोन ओळीत सांगते, म्हणजे तो असं का म्हणतो ते कळेल. 1900 साली जर्मनीत फ्रँकफुर्टला जन्मला, धार्मिक ज्यू घरातला एकुलता एक मुलगा, वडील वाईनचे व्यापारी. तो 14 वर्षांचा असताना पहिलं महायुद्ध पेटलं आणि आजूबाजूची चांगली शहाणी माणसं द्वेषाने वेडी झालेली त्याने बघितली. पुढे आधी समाजशास्त्रात डॉक्टरेट केली आणि मग मनोविश्लेषण शिकला, हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे माणूस समोर बसला की त्याला त्याच्यामागचा समाज पण दिसायचा. हिटलर आल्यावर 1934 ला अमेरिकेत गेला, 1950 पासून बरीच वर्षं मेक्सिकोत राहिला, 1980 ला स्वित्झर्लंडमध्ये वारला. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडकडून त्याने हे घेतलं की आपण जे करतो त्याची खरी कारणं बऱ्याचदा आपल्यालाच माहीत नसतात. पण माणूस म्हणजे मुळात दाबलेल्या वासनांची ओढाताण, हे त्याला पटलं नाही. तो म्हणाला की प्राण्याला निसर्ग सांगतो काय करायचं, माणसाला ते पुरत नाही, माणसाला कळतं की मी वेगळा आहे, एकटा आहे, मरणार आहे, आणि त्या कळण्यातून त्याच्या खास गरजा जन्माला येतात. पोट भरल्यावर सुरू होणाऱ्या नव्हेत, पोट रिकामं असतानाही असणाऱ्या. मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाने 1943 ला गरजांची जी उतरंड मांडली, आधी अन्न मग सुरक्षितता मग बाकीचं, ती तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये बघितली असणार, तसं हे नाही. पाच गरजांची मांडणी त्याने 1955 च्या 'द सेन सोसायटी' या पुस्तकात केलीय आणि तिथे पायऱ्या नाहीत.

आता तुमच्या खुणा बघूया. पाच गरजा अशा, जोडलेपण, स्वतःच्या पलीकडे जाणं, मुळं, स्वतःची ओळख आणि जगाकडे बघायची चौकट. सगळ्यांवर सारखा वेळ नाही घालवणार, दोनवर थांबायचंय.

पहिली, जोडलेपण. तुम्ही लिहिलंत, "घर माणसांनी भरलेलं असतं." हो, असतं. फ्रॉम म्हणतो माणसाशी जोडून घ्यायचे रस्ते तीन, एक तर दुसऱ्याच्या अधीन व्हायचं, नाहीतर दुसऱ्याला ताब्यात घ्यायचं, आणि तिसरा प्रेमाचा, ज्यात दोघं जवळ येतात पण दोघंही आपापले शाबूत राहतात. तुम्ही सीझनमध्ये आठ महिने पहिल्या रस्त्यावर असता ताई. पाहुणा उठला की उठायचं, त्याला झोप येईपर्यंत जागायचं, त्याच्या पोराने गादी खराब केली तरी हसायचं. धंदा आहे, करावं लागतं, त्यात मी कमीपणा मानत नाही, माझ्या ओळखीतली कितीतरी घरं आज त्यावर उभी आहेत. पण त्याला जोडलेपणाची खूण देऊ नका. तुमचा नवरा ज्या रापणीला जायचा ना, तिथे अख्खी वाडी एका जाळ्याला दोन्ही बाजूंनी लागायची, मासळी आली तर वाटे पडायचे, नाही आली तर सगळेच रिकाम्या हाताने घरी, भांडणं पण व्हायची, शिव्या पण. तिथे कोणी कोणाला स्टार देत नव्हतं. मी जुने दिवस गोड करून सांगत नाहीये, त्यात गरिबी होती, पण त्या दोरीवर हात असलेल्या माणसाला आपण इतरांशी कसे जोडलेले आहोत हे विचारावं लागत नव्हतं. नवऱ्याला कधी निवांत विचारा, त्याला ते आठवतं का. मला तर वाटतं तुका काय कमी आसा म्हणणाऱ्या माणसाला पण काहीतरी कमी असणार, तो बोलत नाही इतकंच.

आता जिथे थांबायचंय तिथे येते. 'मी कोण' ही गरज, स्वतःची ओळख. तुम्ही त्यासमोर लिहिलंत, "होमस्टेची मालकीण, सगळे ओळखतात." आणि पत्राच्या शेवटी लिहिलंत, "पाहुणे नसले की आरशात बघावंसं वाटत नाही." ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून वाचा.

1947 च्या 'मॅन फॉर हिमसेल्फ' मध्ये फ्रॉमने माणसाच्या स्वभावाच्या ठेवणी सांगितल्यात. काही माणसं घेण्यावर जगतात, सगळं चांगलं बाहेरून कोणीतरी देईल म्हणून वाट बघत बसतात. काही ओरबाडून घेतात. काही साठवतात, पैसा, वस्तू, भावना सगळं कुलुपात. आणि चौथी ठेवण त्याने सांगितली ती आपल्या काळाची आहे असं तो म्हणाला, बाजाराची ठेवण. या माणसाला स्वतःचं शरीर, हसणं, बोलणं, स्वभाव सगळं विकायला मांडलेल्या मालासारखं वाटायला लागतं, आणि मालाची किंमत तर गिऱ्हाईक ठरवतं. मी मेहनती आहे का, प्रामाणिक आहे का यापेक्षा मला मागणी आहे का हे महत्त्वाचं. तुम्हाला मी जशी हवी तशी मी, असं त्याचं सूत्र. 1947 ला लिहिलंय हे ताई, तेव्हा ना ॲप होतं ना रेटिंग. मी जेव्हा जेव्हा ते पान वाचते तेव्हा मला आपला किनारा दिसतो, वेंगुर्ल्यापासून मुरुडपर्यंत.

बाजाराच्या ठेवणीची खरी गोम अशी की त्यात कुठलाच एक गुण पक्का ठेवून चालत नाही, कारण उद्याच्या पाहुण्याला वेगळं हवं असतं. पुण्याच्या फॅमिलीला घरगुती आजीसारखी मालकीण हवी, मुंबईच्या पोरांना कूल ताई हवी, एखाद्याला गप्पा हव्या, एखाद्याला शांतता हवी. तुम्ही सगळं होता, आणि छान होता, म्हणून तर बुकिंग फुल असतं. मग या सगळ्या रूपांत नसलेला तुमच्यातला खरा माणूस आत कुठे बसतो? फ्रॉमचं उत्तर असं की तो बसतच नाही, वापर नसला की तो हळूहळू विसरला जातो, आणि मग गिऱ्हाईक गेलं की आत फक्त मोकळी जागा उरते. तुम्हाला जूनमध्ये जे वाटतं ते हेच असावं असं माझं मत आहे. हा तुमचा आळस नाही की कृतघ्नपणा नाही. आठ महिने जो आवाज चालू होता तो थांबला आणि त्याच्याखालची शांतता ऐकू आली, आणि ती भयंकर वाटली कारण तिची सवय राहिलेली नाही.

सासूबाईंचं वाक्य मी परत परत वाचलं. तुम्हाला ते टोचलं, तुम्ही लिहिलंत की त्या कायम खोचक बोलतात. असतीलही. पण मला वाटतं त्या घरात त्या एकट्याच आहेत ज्यांना तुमचा तो नकली सूर ऐकू आला आणि चालला नाही. त्यांना सून हवी होती चहा द्यायला, मालकीण नको होती. यात तुमच्याबद्दलची ओढ आहे ताई, बोलायची पद्धत जरा काटेरी आहे एवढंच.

आणि ती गप्प असण्याची तक्रार. तुम्ही त्या दिवशी गप्प का होतात ते तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत सांगून पुढे गेलात, त्या दिवशी मुलीने पुण्याच्या ऍडमिशनचं नक्की केलं होतं. म्हणजे त्या दिवशी तुम्ही खऱ्या होतात. दुःखी होतात आणि दुःखी दिसत होतात. आणि नेमके त्याच दिवसाचे दोन स्टार कापले गेले. मग तो टोप अंगणात गेला यात मला काही वेडेपणा दिसत नाही. फ्रॉमची एक गरज आहे ती म्हणजे स्वतःच्या पलीकडे जाणं, माणसाला नुसतं घडवलं गेलेलं राहणं सहन होत नाही, त्याला स्वतः काही घडवावं लागतं, मूल, शेत, भांडं, गाणं, विचार, काहीही, आणि पुढचं वाक्य महत्त्वाचं, घडवायला जागा मिळाली नाही तर माणूस मोडतो. मोडण्यात पण तेवढ्यापुरतं आपण कोणीतरी असल्याचं कळतं. मोडणं हे घडवण्याच्याच गरजेचं दुसरं टोक आहे असं त्याचं म्हणणं. दोन लिटर सोलकढी गेली, जाऊदे. पण ती कशाच्या जागी गेली ते बघायला हवं.

आणि ते उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय, मधेच, सहज, बहुतेक लिहिताना तुमच्या लक्षात पण आलं नसेल. "लग्नाआधी बाबांच्या गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी मी करायचे, आता भाऊ बघतो, दरवर्षी बोलावतो पण मला कुठे वेळ."

ताई, वेळ नेमका कधी असतो बघा ना. आपल्याकडे गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागा, जूनपासून जोरात सुरू होतात. माती मळणं, साच्यातून काढणं, हात जोडणं, सुकवणं, लोक आपापले पाट आणून देतात, त्यावर नावं लिहून ओळीने ठेवलेले असतात, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळे. बाहेर पाऊस धो धो, आत दिव्याखाली बसून आखणी. ज्या महिन्यांत तुमचं घर रिकामं, त्याच महिन्यांत तुमच्या माहेरच्या शाळेत माणसं कमी पडतात. आखणी करणारा हात तर कुठल्याच शाळेत जास्त नसतो, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बुबुळाची रेघ जाड झाली तर गणपती रागीट दिसतो, दोन डोळ्यांत सुताचा फरक पडला तर नजर फाकते. त्या क्षणी तुम्हाला कोण बघतंय, आवडलं का, याचा विचार करताच येत नाही, केला तर हात हलतो. पापणीची शेवटची रेघ ओढली की ती मूर्ती बघायला लागते आणि ती तुम्ही केलेली असते. फ्रॉम ज्याला स्वभावाची पाचवी, निर्मितीशील ठेवण म्हणतो ती याहून वेगळी काही नाही. निर्मितीशील म्हणजे जास्त प्रॉडक्शन नव्हे. स्वतःची ताकद स्वतः वापरणं, आणि समोरच्या गोष्टीकडे तिच्यासाठी बघणं, आपल्या फायद्यासाठी नाही.

तर माझा सल्ला, जा भावाकडे. यंदाच. आठवड्यातून चार दिवस जा, सासूबाईंचं जेवण करून जा, नाहीतर त्यांना पण घेऊन जा. पण एक अट घालते आणि ती मनापासून घालते. त्याचं रील करू नका. आणि पुढच्या वर्षी 'पाहुण्यांसाठी मूर्ती वर्कशॉप' पण काढू नका. मला माहितीय तो विचार तुमच्या डोक्यात येणार, येणारच, कोणीतरी सुचवणार पण, चालेल पण ते चांगलं, पैसे पण येतील. तरी निदान काही वर्षं नको. तुमच्या आयुष्यात एक तरी काम असं राहू द्या ज्याला कोणी बाहेरचा माणूस मार्क देत नाही. भावाने पैसे दिले तर जरूर घ्या, मजुरी घेण्यात काही वाईट नाही, फुकट राबू नका. फक्त ते दाखवायला मांडू नका.

आता मुळांची गरज, कुठेतरी रुजलेलं असण्याची. तिथे तुम्ही खूण केलीत कारण घर वडिलोपार्जित, माड आपले, देव आपला. खरंच आहे. पण इथे मला मुलीबद्दल बोलायचंय, कारण तुम्ही तिला म्हणालात, "तू गेलीस तर मी हे सगळं कोणासाठी करतेय?" फ्रॉम म्हणतो मुळांची पहिली ओढ आईकडे असते, मूल मोठं होतं तेव्हा ते मूळ तोडून जगात नवीन मुळं धरायची असतात, आणि 1956 च्या 'द आर्ट ऑफ लव्हिंग' मध्ये तो म्हणतो की आईच्या प्रेमाची खरी परीक्षा तान्ह्या बाळावर होत नाही, ती मूल लांब जायला लागतं तेव्हा होते. दोन माणसं एक होतात ते प्रेम जमायला तुलनेने सोपं, पण इथे जी दोन माणसं एक होती ती वेगळी व्हायची असतात आणि आईने ते नुसतं सोसायचं नसतं, ते तिला हवं असायला लागतं. कठीण आहे हे. मी हे लिहिताना पण मला कठीण वाटतंय. पण तुमच्या त्या प्रश्नात मुलगी नाहीये ताई, कोणासाठी करतेय यातला 'कोणासाठी' रिकामा आहे, आणि तो भरायचं काम तुम्ही 18 वर्षांच्या पोरीवर टाकताय. तिला जाऊ द्या. आणि ते वाक्य परत घ्या, तोंडाने, समोर बसवून. "मी रागात बोलले, तू जा, मला तुझी आठवण येईल." एवढंच. त्याला पुढे 'पण' लावू नका.

पाचवी, जगाकडे बघायची एक चौकट आणि जीव लावायला एक ठिकाण. त्यापुढे तुम्ही लिहिलंत, "देवळात रोज जाते." जा. पण फ्रॉम इथे विचारतो की माणूस तोंडाने काय मानतो ते सोडा, सकाळी उठल्यावर पहिलं कशाकडे बघतो. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की डोळे उघडले की आधी रिव्ह्यू बघता. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवा. सकाळी चहा होईपर्यंत हात लावू नका, सीझनमध्ये पण, कोणाचं बुकिंग अर्ध्या तासाने जात नाही.

तुम्ही विचारलंत फॉल्ट माझ्यातच आहे का. यावर फ्रॉमचं एक काम सांगायलाच हवं. मेक्सिकोत असताना त्याने मायकल मॅकोबी या सहकाऱ्याबरोबर एका खेड्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, 1970 ला ते पुस्तक आलं. त्यात दिसतं की माणसाची स्वभावाची ठेवण आणि तो पोट कसं भरतो याचा जवळचा संबंध असतो. स्वतःची जमीन कसणारे शेतकरी जपून, राखून, मेहनतीने जगणारे, आणि पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबलेल्यांमध्ये वरून कोणीतरी देईल अशी वाट बघण्याची वृत्ती जास्त. गावाचा धंदा बदलला की कोणाचा स्वभाव नव्या धंद्याला जुळतो, कोणाचा जुळत नाही. याला तो सामाजिक स्वभाव म्हणतो, समाजाला जे काम करून घ्यायचंय ते माणसाला आतूनच करावंसं वाटायला लागतं. आता आपल्याकडे बघा. सिंधुदुर्ग 1997 ला पर्यटन जिल्हा झाला, त्यानंतर एका पिढीत मासे मारणारी, कलमं राखणारी माणसं यजमान झाली. कोणी शिकवलं नाही, कोणी विचारलं नाही. शेजारच्या घराने झोपाळा लावला की आपण लावायचा, त्यांनी मडक्यात चहा दिला की आपणही द्यायचा. तुमच्या वाडीतल्या प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर तेच हसू आलंय, आणि मी पैज लावून सांगते, जूनमध्ये त्यातल्या निम्म्या जणींना तुमच्यासारखंच होत असेल आणि प्रत्येकीला वाटत असेल की फॉल्ट आपल्यातच आहे. बोला एकमेकींशी. बचत गटाच्या मीटिंगला हिशोब झाल्यावर हा विषय काढून बघा.

आता फ्रॉमचं सगळंच डोळे झाकून घ्या असं मी म्हणणार नाही. या पाच गरजा कुठल्या प्रयोगात मोजून निघालेल्या नाहीत, पेशंटशी बोलून, इतिहास, धर्म, समाज वाचून त्याने विचाराने मांडल्यात, त्यामुळे त्यांना परीक्षेचा पेपर समजू नये, स्वतःला विचारायचे प्रश्न समजावेत. आणि आईचं प्रेम विनाअट, बापाचं प्रेम अटींचं अशी जी विभागणी त्याने केलीय ती मला बिलकुल पटत नाही, बोटीवरून आल्यावर आधी पोरीला शोधणारा बाप मी आपल्याकडे घरोघरी बघते. तरी माणूस बाजारात स्वतःलाच मांडून बसतो आणि मग स्वतःला हरवतो, हे त्याने जितकं सरळ सांगितलं तितकं क्वचितच कोणी सांगितलंय.

एक गोष्ट मात्र वेगळी आणि स्पष्ट. मी वर जे लिहिलं ते रिकामेपणाबद्दल आहे. पण जर दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल किंवा उठवतच नसेल, जेवण जात नसेल, आंघोळ-स्वयंपाक पण ओझं वाटत असेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला फ्रॉम पुरत नाही, डॉक्टर लागतो. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, कधीही लावा. जिल्हा रुग्णालयात पण दाखवता येईल. औषध घ्यावं लागलं तर घ्या, त्याने आखणी करणारा हात बिघडत नाही. टोप ओतल्याची भीती वाटली ना, ती पण डॉक्टरला सांगा, लाजू नका.

वाचायला काय घेऊ असं विचारलंत. 'द आर्ट ऑफ लव्हिंग' घ्या, छोटं आहे, इंग्रजी अडलं तर मुलगी सांगेल, जायच्या आधी दोघींना बसायला निमित्त होईल. पहिल्या पानापासून नका सुरू करू, शेवटचं प्रकरण आधी वाचा, सरावाचं. त्यात तो म्हणतो की ज्याला एकटं बसता येत नाही त्याला प्रेम करता येत नाही, आणि रोज सकाळी आणि झोपायच्या आधी वीस मिनिटं नुसतं स्वस्थ बसायला सांगतो, फोन नाही, पुस्तक नाही, काही नाही. पहिले काही दिवस अंगाला मुंग्या येतील, डोक्यात खोल्यांच्या चादरी आणि गॅस सिलिंडर येईल. येऊ दे. मागच्या पडवीत बसा, पुढच्या नको, पुढच्या पडवीत बसलं की गेटकडे लक्ष जातं.